विषयाला सोडून

काही वर्षांपूर्वी एका संस्थेने आपल्या स्मरणिकेसाठी आमच्याकडे लेख मागितला. विषय त्यांनीच नेमून दिला होता: 'गिरगावचे गाणे'. असा लेख कसा लिहायचा हे प्रत्येक मराठी लेखकाला झोपेतही ठाऊक असते. भास्करबुवा, अल्लादियाखाँसाहेब, लक्ष्मीबागेतल्या बैठका, ट्रिनिटी क्लब, देवधर मास्तरांची शाळा, ब्राह्मण सभेचा गणेशोत्सव, साहित्य संघातली संगीत नाटके, असे एकेक नाव यथाक्रम ओवायचे आणि शेवटी 'गेले ते दिवस' असा सुस्कारा सोडायचा. आम्हीही बऱ्याच अंशी तेच केले. मात्र मध्ये दोन परिच्छेद खोताच्या वाडीवर, तिच्या आसपास पाश्चात्त्य कंठसंगीत जोपासणाऱ्या ख्रिस्ती घरांवर आणि ऑपेरा हाऊसच्या रंगमंचावर गायिलेल्या एका सोप्रानो गायिकेवर लिहिले. स्मरणिका हाती आली तेव्हा भास्करबुवा जागच्या जागी होते, सुस्काराही होता, पण ते दोन परिच्छेद गायब होते. आम्ही विचारणा केली. उत्तर अत्यंत सौजन्याने मिळाले: "लिहिलंय छानच, पण जरा विषयाला सोडून वाटलं."

संस्थेचे नाव घेण्याचे कारण नाही, कारण तिच्या जागी दुसरी कोणतीही मराठी संस्था असती तरी हेच घडले असते. आमचे भांडण त्या संपादकांशी नाही, ते आहे 'विषयाला सोडून' या दोन शब्दांशी.

प्रथम भूगोल पाहू. खोताची वाडी जगन्नाथ शंकरशेट रस्ता आणि विठ्ठलभाई पटेल रस्ता यांच्या मध्ये आहे. लाकडी सज्जे, बाहेरून चढणारे जिने, कौलारू छपरे आणि गल्लीच्या वळणावरचा क्रूस ही तिची छायाचित्रे आता इतकी छापून आली आहेत की वर्णनाची गरज नाही. एकेकाळी तिथे पासष्ट घरे होती असे सांगतात, आज त्यांच्या निम्मीही उरलेली नाहीत. वाडीतून निघून केळेवाडीतल्या साहित्य संघाच्या नाट्यगृहापर्यंत पायी जायला काही मिनिटे पुरतात आणि ऑपेरा हाऊसपर्यंत फार तर पंधरा. म्हणजे आमच्या लेखातली सगळी 'विषयाला धरून' असलेली स्थळे जेवढ्या वर्तुळात बसतात, त्याच वर्तुळात वाडीही बसते. मग ती विषयाबाहेर कशी गेली? गल्लीच्या तोंडाशी पोचल्यावर आमचे कान आपोआप बंद होतात, एवढाच याचा अर्थ.

ते का बंद होतात याचे पहिले उत्तर ठरलेले असते: 'ते लोक वेगळे, त्यांचे संगीत परके.' लोक वेगळे म्हणजे कोण? वाडीतली जुनी वस्ती ईस्ट इंडियन समाजाची. हे नाव इंग्रजी असल्यामुळे आमच्या पुष्कळ वाचकांची समजूत होते की हा कुठून तरी आलेला समाज असावा. प्रत्यक्षात तो मुंबई, साष्टी आणि वसईचा भूमिपुत्र. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, १८८७ साली, त्याने हे नाव घेतले ते गोव्याहून मुंबईत येणाऱ्या ख्रिस्ती बांधवांहून आपले वेगळेपण दाखवण्यासाठी. त्याची घरातली भाषा मराठीचीच एक बोली. म्हणजे ज्याला आम्ही परका म्हणतो तो मराठी बोलणारा माणूस आहे आणि आम्हा पुष्कळ गिरगावकरांच्या आजोबांनी कोकणातून किंवा देशावरून येऊन इथे बिऱ्हाड थाटले त्याच्या कितीतरी आधीपासून तो या मातीवर आहे. ज्या वसईच्या प्रार्थनामंदिरांतून फादर स्टीफन्सच्या सतराव्या शतकातल्या 'ख्रिस्तपुराणा'चे मराठी गायन चालत आले, त्यांच्या नात्यागोत्यातला हा माणूस. त्याचे गाणे मराठी संस्कृतीच्या कुठल्या खोलीत ठेवायचे हे आम्हाला सुचले नाही, म्हणून आम्ही ते घराबाहेर ठेवले.

गोव्याहून आलेल्यांची गोष्ट तर याहून बोलकी आहे. केसरबाई केरकर फोंडा तालुक्यातल्या केरीच्या, मोगूबाई कुर्डीकर कुर्डीच्या, मास्टर दीनानाथ मंगेशीचे. गोव्याच्या मातीने मुंबईला काय दिले याचा हिशेब मांडताना आम्ही हीच नावे घेतो आणि ते योग्यच आहे. पण त्याच गोव्यातून, त्याच मार्गाने, धोबी तलावाच्या क्लबांत येऊन उतरलेला दुसराही एक गवई आणि वादक होता. देवळाच्या चौकात एकाने स्वर ऐकला, चर्चच्या पाठशाळेत दुसऱ्याने स्वरलेखन गिरवले. एकाच गावातली दोन अंगणे ही. पहिले अंगण आमच्या संगीताच्या इतिहासात आले, दुसरे फार तर चित्रपटसंगीताच्या तळटीपेत. १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर केसरबाईंची भैरवी अंतराळात गेली याचा आम्हाला अभिमान आहे, कोणाला नसेल? पण त्याच गोव्याशी नाते सांगणाऱ्या, मुंबईत जन्मलेल्या एका गायिकेसाठी युरोपातले संगीतकार तीन दशके खास रचना लिहीत होते, हे आमच्या किती संगीतरसिकांना ठाऊक आहे?

त्या गायिकेचे नाव पॅट्रिशिया रोझारिओ. आम्ही केसरबाई, मोगूबाई, हिराबाई म्हणतो त्याच रीतीने येथे पॅट्रिशियाबाई म्हणणार आहोत. कोणाला ते कानाला खटकले, तर ते का खटकते याचा त्याने थोडा विचार करावा.

पॅट्रिशियाबाईंचा जन्म १९६० सालचा, मुंबईतला. त्या लंडनला गेल्या, गिल्डहॉल या प्रसिद्ध संगीतविद्यालयात शिकल्या आणि तिथले सुवर्णपदक त्यांनी मिळवले. पुढची कारकीर्द ऑपेराच्या रंगमंचावर जितकी झाली तितकीच, किंबहुना काकणभर अधिक, मैफलीच्या मंचावर झाली. १९८९ साली जॉन कास्केन यांचा 'गोलेम' हा नवा ऑपेरा लंडनमध्ये प्रथम रंगला तेव्हा त्यातली मिरियम त्यांनी उभी केली. १९९२ साली ऑल्डबरो महोत्सवात जॉन टॅव्हनर यांच्या 'मेरी ऑफ इजिप्त'मधली मेरी त्यांचीच. टॅव्हनर यांनी पुढे त्यांच्या आवाजासाठी तीसहून अधिक रचना लिहिल्या. अख्मातोवाच्या रशियन कवितांवरच्या एका रचनेत साथीला केवळ एक चेलो आहे आणि बाकी सगळा भार एकट्या कंठावर. २००३ साली लंडनच्या टेम्पल चर्चमध्ये टॅव्हनर यांची 'द व्हेल ऑफ द टेम्पल' ही सुमारे सात तासांची, रात्रभर चालणारी रचना झाली, तिच्यातही मुख्य एकल स्वर त्यांचाच. एस्टोनियाचे अर्व्हो पॅर्ट यांनीही त्यांच्यासाठी लिहिले. २००१ साली ब्रिटनने त्यांना ओबीई हा सन्मान दिला.

एखाद्या संगीतकाराला एखाद्या गळ्याचा असा ध्यास लागणे ही आम्हाला अपरिचित गोष्ट नाही. गोविंदराव टेंबे आणि बालगंधर्व, भास्करबुवा आणि बालगंधर्व ही उदाहरणे आमच्याच घरातली आहेत. गळा पाहून चाल बांधणे म्हणजे काय, हे नाट्यसंगीतावर पोसलेल्या श्रोत्याला शिकवावे लागत नाही. उलट आम्ही पुढे जाऊन म्हणू की टॅव्हनर यांचे संगीत मराठी कानाला लंडनच्या कानापेक्षा लवकर उमगले असते. त्यांच्या रचनांखाली पुष्कळदा एक अखंड स्वर धरलेला असतो. ती पूर्वेकडच्या चर्चची रीत. आयुष्यभर तानपुऱ्याच्या षड्जावर विसावलेल्या श्रोत्याला त्या अखंड स्वरात बिचकण्यासारखे काय आहे? त्या स्वरावर एक बाईचा आवाज सावकाश चढत जातो, वळतो, थांबतो. तालाची घाई नसते. रात्रभर चालणाऱ्या रचनेचेही आम्हाला अप्रूप नसावे, कारण गंधर्व मंडळीची नाटके पहाटेपर्यंत पाहणाऱ्यांचे आम्ही नातू-पणतू आहोत. आणि 'मेरी ऑफ इजिप्त'ची कथा काय आहे? अलेक्झांड्रियातली एक वारांगना सगळे सोडून वाळवंटात निघून जाते आणि संतपदाला पोचते. १९३१ साली गंधर्व नाटक मंडळीने ना. वि. कुलकर्णी यांचे 'कान्होपात्रा' रंगमंचावर आणले तेव्हा ज्यांचे डोळे पाणावले, त्यांना या मेरीची ओळख करून द्यावी लागली असती काय? कान्होपात्रेची कथा निराळी आहे हे आम्ही जाणतो. ती गणिकेच्या पोटी जन्मली तरी त्या वाटेला गेलीच नाही, पश्चात्तापाचा प्रश्न तिच्यापुढे नव्हता, तिच्यापुढे होता तो सुटकेचा. दोन्ही नायिका शेजारी ठेवून पाहिल्या तर दोन धर्मपरंपरा स्त्रीच्या देहाकडे कशा पाहतात यावर एक उत्तम मराठी निबंध होईल. तो कोणी लिहिला नाही, कारण मेरीला आमच्या परिसरात यायला वाटच नव्हती.

येथे दुसरा आक्षेप येतो आणि तो अधिक प्रामाणिक आहे: 'आम्हाला ते गाणे वाटतच नाही, ओरडणे वाटते.' कानाची सवय हे कारण आम्ही मान्य करतो, पण त्या सवयीचा इतिहास तपासून पाहावा लागेल. ऑपेराचा गळा असा का लागतो? समोर साठ-सत्तर वाद्यांचा मेळ आहे, ध्वनिवर्धक नाही आणि शेवटच्या रांगेतल्या माणसाला शब्द ऐकू गेला पाहिजे, या अटीतून तो घडला. आता केशवराव भोसल्यांचा आवाज आठवा. अर्थात तो आम्ही कोणी प्रत्यक्ष ऐकलेला नाही, पण त्याच्याविषयी जे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले ते आठवा. उंच पट्टी, तारसप्तकातली निर्भय फेक, पिटातल्या शेवटच्या प्रेक्षकापर्यंत पोचणारा जोरकस स्वर. १९२१ च्या जुलैत मुंबईत 'संयुक्त मानापमान' झाले तेव्हा टिळक स्वराज्य फंडासाठी लोटलेल्या त्या गर्दीपुढे बालगंधर्वांनी आणि केशवरावांनी ध्वनिवर्धकाविना पदे गायिली. तेव्हा केशवराव गातात ती 'पल्लेदार फेक' आणि सोप्रानो गाते ते 'ओरडणे', हा निवाडा कानाने दिलेला नाही. ध्वनिवर्धक आल्यावर आम्ही आमच्याच रंगभूमीचा आवाज विसरलो आणि मग तोच गुण शेजाऱ्याच्या गळ्यात दिसला तेव्हा तो आम्हाला दोष वाटला.

गिरगावातच एक माणूस असा होता की ज्याला हे कळत होते. देवधर मास्तरांनी १९२५ साली आपले संगीतविद्यालय सुरू केले, ऑपेरा हाऊसच्या परिसरात ते नावारूपाला आले आणि याच शाळेत कुमार गंधर्व वाढले. मास्तर पलुसकरांचे शिष्य, परंपरेविषयी निष्ठा असलेले. पण त्यांनी मुंबईतल्या स्क्रिन्झी या इटालियन संगीतज्ञाकडे पाश्चात्त्य संगीताचे रीतसर शिक्षण घेतले आणि आवाज कसा घडवावा, कसा राखावा या प्रश्नाचा जन्मभर पाठपुरावा केला. आमच्या गायकांचे गळे ऐन उमेदीत का बसतात, हा प्रश्न त्यांना छळत होता आणि शेजारच्या परंपरेकडे त्याचे काही उत्तर असावे असे त्यांना वाटले. मास्तरांच्या शाळेवर आम्ही लेखामागून लेख लिहितो. त्यांच्या या खटाटोपाचा उल्लेख त्या लेखांत फार तर एका वाक्यात येतो, तोही 'जिज्ञासू वृत्ती' या मथळ्याखाली.

आणि मुळात ऑपेरा आमच्या अंगणात आला होता हेही विसरू नये. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इटालियन ऑपेरा मंडळ्या मुंबईत येऊन खेळ करीत. त्यांचे पाहून पारशी मंडळींनी आपल्या गीतप्रधान खेळांना 'ऑपेरा' म्हणायला सुरुवात केली. तसला एक खेळ पाहून अण्णासाहेब किर्लोस्करांना संगीत नाटकाची कल्पना सुचली असे आमचे रंगभूमीचे इतिहासच सांगतात. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात 'शाकुंतल' उभे राहिले. पुढे १७ एप्रिल १८९२ ला मुंबईतल्याच न्यू आल्फ्रेड थिएटरात लुकासिन्यो रिबेरो याने 'इटालियन भुरगो' हा कोकणी खेळ केला. हा रिबेरो आधी एका इटालियन ऑपेरा मंडळीच्या सहवासात आलेला होता. त्या खेळापासून कोकणी तियात्राची गणना होते. बारा वर्षांच्या अंतराने जन्मलेली ही दोन भावंडे. एकाला आम्ही डोक्यावर घेतले, दुसऱ्याचे नावही आमच्या नाट्यसंमेलनांत क्वचित निघते. पुढे आम्ही ऑपेराला 'संगीतिका' असा सुबक प्रतिशब्द मात्र दिला. शब्द घडवून काम टाळण्याची आमची ही हातोटी जुनी आहे.

हे सर्व केवळ स्मरणिकांपुरते असते तर आम्ही एवढी शाई खर्चली नसती. पण ऐकणारा समाज नसला की गाणाऱ्याच्या आयुष्याचे काय होते, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर पाहण्यासाठी पॅट्रिशियाबाईंच्या आधीच्या पिढीतल्या सीलिया लोबो यांच्याकडे पाहावे. व्हिक्टर परंज्योती यांनी १९४७ साली बॉम्बे मॅड्रिगल सिंगर्स ही संस्था स्थापन केली आणि पुढे साठच्या दशकात या संस्थेने मुंबईत इटालियन ऑपेरे उभे केले. त्यांतल्या नायिका सीलियाबाईंनी गायिल्या. म्हणजे क्षमता होती, रंगमंच होता, चार-दोन दिवस भरणारे प्रेक्षागृहही होते. नव्हती ती पाचव्या दिवसाची सोय. सीलियाबाईंनी पुढे आयुष्यभर शिकवले, मुंबईतल्या कितीतरी गळ्यांना वळण लावले. पण 'ऑपेरा गायिका' हा व्यवसाय म्हणून त्यांना या शहरात करता येण्याजोगा नव्हता.

लंडनमध्ये तो का करता येतो? तिथे अगदी लहान गावातही हौशी गायकांचे वृंद असतात आणि नाताळाला हँडेल किंवा ईस्टरला बाख गाताना प्रत्येक वृंदाला चार एकल गायक मोल देऊन बोलवावे लागतात. तरुण गायिकेचे घरभाडे या छोट्या बिदाग्यांवर निघते. मग एखाद्या ऑपेरा कंपनीत दुय्यम भूमिका, मग मोठी, मग ध्वनिमुद्रण. शिडीला पायऱ्या आहेत. आमच्या शास्त्रीय गायकांनाही अशीच शिडी होती: गल्लीतला गणेशोत्सव, आकाशवाणीची श्रेणी, परगावचे संगीत मंडळ, मग मोठा महोत्सव. गिरगावातल्या त्या ख्रिस्ती मुलीला यांपैकी एकही पायरी उपलब्ध नव्हती. चर्चमध्ये गाणे ही सेवा, तिचे मोल घ्यायचे नाही. उरले लग्नसमारंभ आणि शिकवण्या.

'चित्रपटसृष्टीने गोव्याच्या संगीतकारांना पोसले की,' असे कोणी म्हणेल. पोसले, पण वादकांना. व्हायोलिन, ट्रम्पेट, चेलो वाजवणाऱ्या हातांना स्टुडिओत जागा मिळाली, गळ्याला मिळाली नाही. हिंदी-उर्दूचे उच्चार आणि ध्वनिवर्धकाला मानवणारा हळुवार सूर या दोन अटींत ऑपेराचा गळा बसत नव्हता. अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या धडपड्या माणसाने १९५८ साली इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभारला, सेंट झेवियर्स कॉलेजात त्याचा कार्यक्रम केला. दोन संगीतांना एकत्र आणण्याचे त्याचे स्वप्न मोठे होते. पण तिथेही एकल गायक कोण? लता मंगेशकर आणि मन्ना डे. आम्हाला या दोघांविषयी नितांत आदर आहे. मात्र एवढा मोठा वाद्यमेळ गोव्याच्या लोकांनी उभारावा आणि त्याच्यापुढे उभे राहायला त्यांच्यातल्या एकाही गळ्याला जागा नसावी, यातून त्या काळच्या मुंबईत गळ्याची किंमत कशी ठरत होती ते दिसते. तेव्हा पॅट्रिशियाबाई 'परदेशी गेल्या' असे म्हणू नये. या शहराने त्यांच्या आवाजासाठी कामच ठेवले नव्हते.

त्या परतल्या मात्र. २००९ पासून त्यांनी आणि त्यांचे पती, पियानोवादक मार्क ट्रूप यांनी 'गिव्हिंग व्हॉइस टू इंडिया' या नावाने भारतात येऊन तरुण गायकांना शिकवण्याचा उपक्रम चालवला. आणि २०१६ साली ऑपेरा हाऊस उघडले. या वास्तूची कथा गिरगावकरांना पाठ आहे: पंचम जॉर्जने १९११ साली अर्धवट बांधकामातच केलेले उद्घाटन, नाटके, मग चित्रपट, १९९३ साली लागलेले कुलूप, तेवीस वर्षांचा अंधार, आभा नारायण लांबा यांनी केलेला जीर्णोद्धार. त्या ऑक्टोबरात पुन्हा पडदा उघडला तेव्हा रंगमंचावर पॅट्रिशियाबाई गात होत्या आणि पियानोवर मार्क ट्रूप होते. ऑपेरासाठी बांधलेल्या घरात तेवीस वर्षांनी पहिला स्वर लागला तो मुंबईत जन्मलेल्या ऑपेरा गायिकेचा.

त्या आठवड्यात मराठीत जे छापून आले त्यातले आम्हाला मिळाले तेवढे आम्ही वाचले. झुंबरे होती, सोनेरी मुलामा होता, गोंडलचे राजघराणे होते, पृथ्वीराज कपूर होते, बालगंधर्वांच्या आठवणी होत्या. गायिकेचे नाव एखाद्या ओळीत होते. ती काय गायिली, कशी गायिली, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी तिचा गळा कसा लागला, यावर एक वाक्यही आमच्या वाचनात आले नाही. मराठी वृत्तपत्रांत सवाई गंधर्व महोत्सवातल्या तिसऱ्या दिवसाच्या चौथ्या गायकाच्या ख्यालाची चिकित्सा येते, याचे आम्हाला कौतुकच आहे. म्हणून तर दुःख अधिक. चिकित्सा कशी करावी हे आम्हाला येत नाही असे नाही. इमारत आपली आणि आवाज त्यांचा, अशी वाटणी आम्ही मनातल्या मनात करून ठेवली आहे.

खोताच्या वाडीचेही हेच झाले. वारसाप्रेमी मंडळी तिथे सकाळी पदयात्रा नेतात, सज्जाच्या कोरीव कामाचे छायाचित्र घेतात. घर वाचले पाहिजे हे आम्हालाही मान्य आहे. पण त्या सज्जामागच्या खोलीतल्या पियानोवर कोणी स्वराभ्यास केला असेल, ही उत्सुकता पदयात्रेत नसते.

दोष एकाच बाजूचा आहे असे आमचे म्हणणे नाही. मुंबईतल्या पाश्चात्त्य संगीताच्या मंडळींनीही आपले जग फोर्टपासून नरिमन पॉइंटपर्यंतच आखून घेतले. इटालियन ऑपेरा इटालियनमध्ये करावा, पण आशयाची मराठी पुस्तिका छापायला किती खर्च आला असता? केळेवाडीतल्या रंगमंचावर एक प्रयोग करावा असे त्यांच्या मनात कधी आले नाही. आमच्या अज्ञानात त्यांना थोडे सुखही वाटत असावे, कारण दुर्मिळ वस्तूचा रसिक असण्याला एक प्रतिष्ठा असते. या बाबतीत परंज्योतींच्या वृंदगायकांचा अपवाद करावा लागेल, भारतीय चालींना त्यांनी बहुस्वरात गायिले. वनराज भाटियांचाही करावा लागेल. लंडन-पॅरिसमध्ये शिकून आलेल्या या मुंबईकराने गिरीश कार्नाडांच्या नाटकावर 'अग्निवर्षा' हा ऑपेरा रचायला घेतला. त्याचा पहिला अंक २०१२ साली रंगला तो न्यूयॉर्कमध्ये. २०२१ साली भाटिया गेले तेव्हा मराठीत त्यांच्या मालिका आणि चित्रपट आठवले गेले. ऑपेरा, अर्थातच, विषयाला सोडून होता.

आमची मागणी फार मोठी नाही. ऑपेरा आवडलाच पाहिजे असे कोण कोणाला सांगणार? आवडला नाही तर तसे लिहावे, पण ऐकून लिहावे. या गायिकांची कारकीर्द मराठीत तपशिलाने नोंदली जावी. आज ज्यांना सीलियाबाईंचे प्रयोग आठवतात ते श्रोते ऐंशीच्या घरात आहेत आणि त्यांच्याकडे वही-पेन घेऊन जाणारा एकही मराठी अभ्यासक आम्हाला माहीत नाही. गिरगावच्या संगीताचा जो कोणी पुढचा इतिहास लिहील त्याने ठाकूरद्वारावरून निघताना वाडीच्या गल्लीत वळावे, तिथून मग ऑपेरा हाऊसकडे जावे.

त्या स्मरणिकेची नवी आवृत्ती निघणार असल्याचे आमच्या कानी आले आहे. वगळलेले दोन परिच्छेद आम्ही पुन्हा पाठवून दिले आहेत. या वेळी ते लेखाच्या आरंभीच घातले आहेत, भास्करबुवांच्या आधी.